दोन मुठींची बेरीज

यंदा ज्ञानू मास्तरांनी घोळ घातला. आषाढाच्या शेवटच्या शुक्रवारची सुपारी त्यांनी आमच्या विहीर गल्लीकडून घेतली आणि त्याच शुक्रवारची सुपारी त्यांच्या मेव्हण्यानं पलीकडच्या तिकटी गल्लीकडून घेतली. मास्तर आणि मेव्हणा एकाच पथकात वाजवतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मग कळणार कसं?

आता हे का महत्त्वाचं ते सांगते. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी किंवा शुक्रवारी गल्ली न गल्ली ते पाणी कलशात भरून टेंबलाई देवीला वाहायला तिच्या टेकडीवर निघते. पुढं 'पी-ढबाक' पाहिजेच. एक जण पिपाणीवर पीं करणार, दुसरा ढोलावर ढबाक, आणि मधली माणसं नाचून नाचून घामाघूम. पी-ढबाक नसेल तर ती मिरवणूक म्हणजे नुसतं रांगेनं पाणी आणायला जाणं झालं. शेवटचा शुक्रवार गेला की श्रावण, म्हणजे संपलंच. आणि दुसरं पथक कुठून आणणार? सगळी आधीच ठरलेली.

आणि यंदा आमच्या गल्लीत पहिल्यांदा मुलींचं लेझीम होतं! आजवर तालमीची पोरंच खेळायची. आक्कानं (ही आमच्या गल्लीतली खो-खोची कॅप्टन, आता कॉलेजात आहे) महिनाभर भांडून आकारामतात्यांकडून लेझमी मिळवल्या. आकारामतात्या म्हणजे आमच्या तालमीचे सर्वेसर्वा. ते म्हणाले होते, "बरं, यंदा पोरी. पण शुक्रवारी रस्त्यावर दिसलं पायजे काय ते. न्हाय दिसलं तर फुडच्या साली परत पोरं." म्हणजे पथक गेलं की आमचं लेझीम गेलं, आणि ते एका वर्षापुरतं नाही, कायमचंच. रोज संध्याकाळी तालमीच्या पटांगणात आमच्या हाताला फोड येईपर्यंत सराव चालला होता, तो काय शोभेला?

आमच्या दोन गल्ल्यांचं असं काही अडलं की कौल घ्यायची रीत आहे. देवाचा नाही हं, पोरांचा. दोन्ही गल्ल्यांचं एकेक पोर चौकात समोरासमोर उभं करायचं. वयानं लहान असेल त्यानं आधी सांगायचं, सम की विषम. मग ढोलाच्या ठोक्याला दोघांनी एकेक हात पुढं करायचा, वाटेल तेवढी बोटं काढून. बोटांची बेरीज करायची. मागितलं ते आलं तर मागणारा जिंकला, नाही आलं तर हरला. एकदाच. परत नाही. मोठी माणसं म्हणतात, यात लबाडीला जागाच नाही.

पंच कोण? चिमणाबाई. चौकात फुलं विकतात. त्यांचं माहेर तिकटी गल्ली आणि सासर विहीर गल्ली. तिकडच्या पोरांची आत्ती, आमची काकू. त्यांच्या निकालावर कोणी बोलत नाही, कारण कुठल्याही बाजूनं बोललं तरी त्या घरच्याच निघतात.

तिकटी गल्लीनं राजवर्धनला उभा केला. दहावीत, गणितात कायम पहिला, आणि ते चेहऱ्यावर दिसतं. आमच्याकडून कोण, यावर तालमीत बराच गोंधळ झाला. शेवटी आक्का उठली आणि म्हणाली, "लेझीम पोरींचं, तर कौल बी पोरगीच देणार. संयू जाईल."

संयू म्हणजे मी, संयोगिता. नववी ब.

दोन वर्षांपूर्वी कोणी माझं नाव घेतलं असतं तर मी खांबामागं गेले असते. गणिताच्या तासाला तर मी फळ्याकडं बघतच नसे, म्हणजे मॅडम माझ्याकडं बघणार नाहीत असं मला वाटायचं. मग सुष्मिता मॅडम आल्या. त्यांचं एकच वाक्य. कोणी काहीही म्हणो, त्या विचारणार, "व्याख्या काय?" चौरस हा आयत आहे का? व्याख्या काय? आयताचे चारही कोन काटकोन, बस. लांबी रुंदीपेक्षा जास्तच पाहिजे, असं कुठं लिहिलंय? मग चौरसही आयतच की! मला पहिल्यांदा कळलं की गणितात पाठ करण्यापेक्षा भांडायला जास्त जागा आहे. आणि भांडण म्हटलं की मी मंगळवार पेठेची.

तर बुधवारी शाळा सुटल्यावर चौकात दोन्ही गल्ल्या जमल्या. ज्ञानू मास्तर ढोल घेऊन खाली मान घालून उभे. तिकटी गल्लीच्या पुढं बाळासोकाका, राजवर्धनचे सख्खे काका. त्यांचा आवाज इतका मोठा की ते कुजबुजले तरी बिंदू चौकात ऐकू जातं.

"व्हय गं पोरी, काय मागतीस?" त्यांनी विचारलं.

"सम," मी म्हणाले.

राजवर्धन गालात हसला. त्याच्या हसण्याचं कारण मला नंतर कळलं. त्याची धाकटी बहीण दोन दिवस आमच्या सरावाला येऊन बसत होती. मी मैत्रिणींबरोबर सम-विषम खेळून बघायचे, तेव्हा दर वेळी तीन बोटं काढते, हे तिनं घरी जाऊन सांगितलं. मग त्यानं हिशोब केला. 'तिची तीन, माझी मूठ.' तीन आणि शून्य, तीन. विषम. खलास.

हिशोब बरोबर होता. पण त्याला माझ्या बोटांचं माहीत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीतसुद्धा मी लेझीम खेळले होते. मूठ आवळून आवळून बोटं आखडली होती. ढोलावर ठोका पडला, मी हात पुढं केला, तीन बोटं काढायला गेले आणि बोटं उघडलीच नाहीत. माझी मूठ. समोर बघते तर त्याचीही मूठ.

चिमणाबाई वाकून दोन्ही मुठींकडं बघायला लागल्या. आधी माझी, मग त्याची, मग परत माझी.

"बोटं कुठायत?" त्या म्हणाल्या.

"न्हाईत, आत्ती," राजवर्धन म्हणाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"शून्य!" मी ओरडले. "शून्य अधिक शून्य, शून्य. शून्य सम असतं. आम्ही जिंकलो!"

"शून्य कुठनं सम आलं?" बाळासोकाका पुढं आले. "सम म्हंजी दोन, चार, सा, आठ. त्यात शून्य कुठाय? तू सम मागितलंस, सम आलं न्हाय. पथक आमचं. चला वो मास्तर."

"कुठं चला? परत घ्या कौल!" आमच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं.

"परत न्हाय. कौल एकदाच," चिमणाबाई म्हणाल्या. "पण मला पटल्याबिगर मी बोलणार न्हाय. शून्य सम हाय का न्हाय, ते आधी मला पटवा. दोघंबी."

त्या फुलांच्या पाटीशेजारच्या दगडावर बसल्या. आक्कानं माझ्या पाठीत एक बुक्की घातली. प्रेमाची.

राजवर्धन आधी बोलला. तो शहाणा मुलगा आहे, आरडाओरडा करत नाही. "आत्ती, शून्य धन पण नसतंय आणि ऋण पण नसतंय. हे पुस्तकात हाय. मग तसंच ते सम पण नाही आणि विषम पण नाही. ते मधलं आहे."

त्यांच्या बाजूला माना डोलल्या. आमच्या बाजूलासुद्धा एक-दोन डोलल्या, मी बघितलं.

"पहिलं वाक्य बरोबर," मी म्हणाले. "दुसरं त्यातनं येत नाही. बिंदू चौक हा बिंदू चौकाच्या उत्तरेला आहे का दक्षिणेला?"

"म्हणजे?"

"सांग की."

"तो कुठल्याच बाजूला नाही. तो तिथंच आहे."

"हां! धन-ऋण म्हणजे शून्याच्या कुठल्या बाजूला, एवढंच. शून्य स्वतःच्याच कुठल्या बाजूला असणार? म्हणून ते दोन्ही नाही. पण बिंदू चौक कोल्हापुरात आहे का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर 'मधलं आहे' असं देतोस का? सम-विषम हा बाजूंचा प्रश्नच नाही. व्याख्या काय?"

"दोननं निःशेष भाग जातो ती सम," तो म्हणाला. तो प्रामाणिक आहे, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

"मग जातो की! शून्य भागिले दोन, शून्य. बाकी शून्य."

"थांब थांब थांब," बाळासोकाकांनी हात वर केला. "शून्याचा भागाकार चालत न्हाय. एवढं मला बी ठावं हाय. त्याच्यावर मी छडी खाल्लीया."

सगळा चौक हसला. मी नाही हसले. खरं सांगायचं तर मीसुद्धा त्याच्यावर ओरडा खाल्लेला आहे.

"काका, समजा तुमच्या डब्यात शून्य लाडू हाईत. दोन नातवंडांना सारखं वाटा. प्रत्येकाला किती?"

"काय न्हाय."

"म्हणजे शून्य. डब्यात काय उरलं?"

"काय उरणार? डोंबल!"

"जमला भागाकार. आता उलटं. डब्यात पाच लाडू हाईत आणि नातवंडं शून्य. प्रत्येकाला किती?"

"आगं नातवंडंच न्हाईत तर प्रत्येकाला म्हंजी कुणाला?"

"तेच! तो प्रश्नच होत नाही. शून्याचे वाटे घालता येतात, शून्य जणांत वाटता येत नाही. तुमची छडी ह्या दुसऱ्यावर होती."

काका विचारात पडले. ती छडी नक्की कशावर होती, ते बहुतेक आठवत होते. मग म्हणाले, "पर दोन, चार, सा, आठ? त्यात शून्य घेत न्हाईत, त्याचं काय?"

"ती उदाहरणं हाईत, काका. कुणी विचारलं, मंगळवार पेठेत कोण कोण ऱ्हातंय, आणि तुम्ही चार नावं सांगितली, तर बाकीचे सगळे पेठेच्या भाईर गेले व्हय?"

"माझं नाव त्या चारात असतंय," काका म्हणाले, आणि परत हशा.

पण चिमणाबाई हसल्या नाहीत. हातात एक झेंडूचं फूल फिरवत बसल्या होत्या. "पोरी, तुझं बोलणं ऱ्हातंय सगळं हवेत," त्या म्हणाल्या. "लाडू न्हाईत, नातवंडं न्हाईत, चौक हिकडं का तिकडं. मला एवढंच दिसतंय की शून्य म्हंजी काय न्हाईच. आन् जे न्हाईच, ते सम कसं? विषम तरी कसं? न्हाईला जोडी कुठनं आणू मी?"

आता आली पंचाईत. राजवर्धनला पुस्तकातलं सांगून भागलं, काकांना लाडवातलं. पण चिमणाबाईंना डोळ्यांनी दिसलं पाहिजे होतं. मी आक्काकडं बघितलं. आक्का खांदे उडवून म्हणाली, "माझ्याकडं काय बघतीस? मला गणितात छत्तीस पडलेत." तिच्या मागं आमच्या पोरी उभ्या होत्या, लेझीम छातीशी धरून, सराव सोडून तशाच पळत आलेल्या.

लेझीम छातीशी धरून!

"काकू," मी म्हणाले, "फक्त आमची पहिली चाल बघा. बाकी काय न्हाय."

आमची पहिली चाल एकदम सोपी आहे. ढोलाचा एक ठोका पडला की लेझीम खाली, पायाशी. दुसरा पडला की परत वर, छातीशी. खाली, वर, खाली, वर. ती आम्ही झोपेतसुद्धा करू. मी पोरींना दोन रांगांत उभं केलं आणि स्वतः बाजूला राहिले.

"काकू, तुम्ही आकडा सांगायचा. पोरी दर वेळी छातीपासनं सुरू करणार. मास्तर तेवढे ठोके देणार आणि थांबणार. मग लेझीम कुठं हाय ते बघायचं."

चिमणाबाईंना हे आवडलं. त्या दगडावरून उठल्या. "दोन."

ढबाक, ढबाक. लेझीम छातीशी.

"पाच."

पाचव्याला सगळ्या लेझमी पायाशी गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"आठ."

छातीशी.

"सात." हे मागून बाळासोकाका म्हणाले. त्यांना राहवलं नाही. लेझमी पायाशी.

"सम असलं की वर, विषम असलं की खाली," चिमणाबाई स्वतःशी म्हणाल्या. "बरं मग?"

"आता शून्य सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोरींकडं. सातनंतर लेझमी अजून पायाशी होत्या. "आधी आपापल्या जागंवर या गं सगळ्या, नव्यानं करू," त्या म्हणाल्या. पोरींनी लेझमी छातीशी घेतल्या, दर वेळी सुरू करताना घेतात तशा. चिमणाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "शून्य!"

ज्ञानू मास्तरांनी ढोलाचं टिपरू वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ठोका नाही. कोणी हललं नाही. एक रिक्षावाला मधून जायला आला होता, तोसुद्धा इंजिन बंद करून बघत बसला.

"संपले का?" चिमणाबाईंनी विचारलं.

"संपले," मास्तर म्हणाले. "शून्य दिले."

चिमणाबाई रांगेतून फिरल्या. एकेका पोरीसमोर थांबून लेझीम कुठं आहे ते बघितलं.

"वर हाय," त्या म्हणाल्या.

"आगं पर त्या हलल्याच न्हाईत!" बाळासोकाका.

"हलायचं नव्हतंच की, काका! ठोके किती? शून्य. दोन ठोके दिले तरी लेझीम जिथनं निघालं तिथंच येतंय, आठ दिले तरी तिथंच. शून्य दिले तर तिथनं निघतच न्हाय. जागा तीच!"

"ही पोरींनी ठरवल्याली जागा," काका म्हणाले. "सुरुवात पायापास्नं केली असती तर?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात राजवर्धन बोलला, सावकाश, खाली बघत. "तरी तेच, काका. मग दोन ठोक्यांनंतर लेझीम पायाशी आलं असतं, आठनंतर पण पायाशी, आणि शून्यालाही पायाशीच. शून्य दोनच्याच बाजूला राहणार."

मग तो मास्तरांना म्हणाला, "एकदा चार द्या. मग तीन. असं एकेक कमी करत या. मला बघायचंय." दर वेळी पोरी नव्यानं छातीपासून सुरू करायच्या. चार झाले, वर. तीन झाले, खाली. दोन, वर. एक, खाली. मग मास्तरांनी टिपरू नुसतं वर धरलं आणि सगळ्यांनी बघितलं. वर.

एकाआड एक, मध्ये कुठंही चूक नाही. शून्यापाशी येऊन लेझीम एकाएकी थांबून 'मी कुठलंच नाही' म्हणालं नाही.

राजवर्धननं मान हलवली. "आत्ती, सम हाय."

"राजा!" काका ओरडले. "तू कुठल्या गल्लीचा रं?"

"आपल्याच की, काका. पर हाय ते हाय. मी तरी काय करू?"

चिमणाबाईंनी हातातलं झेंडूचं फूल आक्काच्या लेझमीत खोवलं.

"शून्य सम," त्या म्हणाल्या. "पथक विहीर गल्लीचं. आन् ज्ञानू, फुडच्या साली मेव्हण्याशी बोल."

त्यानंतर आमच्या गल्लीत जो दंगा झाला तो मी लिहीत नाही, कारण माझी चप्पल त्यात हरवली आणि आई हे वाचणार आहे. एवढंच सांगते की आकारामतात्या मला म्हणाले, "तू फुडं ऱ्हा शुक्रवारी. पयल्या रांगंत." ते सहसा पोरींशी बोलत नाहीत, सूचनाफलकावर लिहिल्यासारखं सगळ्यांना मिळून सांगतात. म्हणून हे लिहून ठेवलं.

शाळेत मी सुष्मिता मॅडमना सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या. मला वाटलं, आता शाबासकी. तर म्हणतात, "छान. मग एक ही मूळ संख्या आहे का?" मी म्हणाले, "आहे की, तिला एक आणि ती स्वतः, दोघांनीच भाग जातो." "दोघांनी?" त्या म्हणाल्या, "एक आणि स्वतः, हे एकच्या बाबतीत दोघं कसे झाले? मूळ संख्येला नेमके दोन वेगळे विभाजक लागतात. एकला विभाजक किती?" मी मोजले. एकच. म्हणजे नाही! शुक्रवारच्या सुट्टीचा अर्ज मंजूर झाला, पण डोक्याला सुट्टी मिळाली नाही.

शुक्रवारी आम्ही घाटावर कलश भरले. पाणी गढूळ, तांबूस, अगदी ताजं. वरून भुरभुर चालली होती. तिकटी गल्ली सकाळीच निघाली होती, पी-ढबाकाशिवाय, ताटं आणि उलथनी वाजवत. राजवर्धन ताट वाजवत होता, असं त्याच्या बहिणीनं नंतर सांगितलं. चांगलं वाजवत होता, असंही म्हणाली, पण ती त्याचीच बहीण. आणि हेर पण.

परत येताना ते आम्हाला बरोबर कोपऱ्यावर भेटले. आम्ही निघायच्या तयारीत होतो. मला वाटलं, तोंड फिरवून जातील. पण सगळे रस्त्याच्या कडेला थांबले. बाळासोकाकांनी उलथनं कमरेला खोवलं आणि हाताची घडी घातली.

"काय शून्यबाई," ते ओरडले, "आता तरी हलणार का हितंच हुभं ऱ्हाणार?"

माझ्या मागं दोन रांगा. दोन-दोन पोरी, कोणीही जोडीशिवाय उरलेली नाही. आक्काच्या तोंडात शिट्टी. बोटं आजही आखडलेली होती, पण आज त्यांना उघडायचं नव्हतंच. राजवर्धन काकांच्या मागं उभा होता. त्यानं हात वर करून मला मूठ दाखवली. मी लेझमीसकट मूठ दाखवली.

ज्ञानू मास्तरांनी टिपरू उचललं आणि मोठ्यानं विचारलं, "किती झाले गं पोरींनू?"

लेझमी छातीशी.

"शून्य!" आम्ही सगळ्या एकदम ओरडलो. आणि मग पहिला ठोका पडला.